वडाखाली मधाची चव

खूप खूप जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी लक्षात ठेवावी अशी.

एका जंगलात सगळ्या प्राण्यांनी मिळून मधाचा साठा केला होता. थंडीत कोणाच्या पिल्लाला खोकला झाला, की त्यातलाच मध औषधाला मिळायचा. दरवर्षी प्रत्येक घराने आपल्या वाट्याचा मध आणून द्यायचा. अस्वलाने तो गुहेत नेऊन चाखायचा आणि चांगला असेल तरच मडक्यात ओतायचा. "मधातलं अस्वलाइतकं कळतं कोणाला?" असं सगळे कौतुकाने म्हणायचे.

अस्वल स्वभावाने चांगलं होतं. पण एकदा कोल्हा मधाबरोबर जांभळांचा द्रोणही घेऊन आला.

"दादा, ही तुमच्या पिल्लांसाठी. नाही म्हणू नका हं!"

मधात चक्क पाणी होतं. अस्वलाने जांभळांकडे पाहिलं, मग गुहेच्या दाराकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

"बरा आहे की मध," ते पुटपुटलं.

ही गोष्ट इतरांना कळायला किती वेळ लागणार? मग कोणी पेरू आणले, कोणी मासे. मध मात्र पातळच.

थंडी पडली. सशिणीचं पिल्लू खोकून खोकून बेजार झालं. तिने मडकं उघडलं, तर मध आंबलेला! दुसरंही तसंच, तिसरंही तसंच. तिला रडू कोसळलं.

ते पाहून अस्वलाने सगळं कबूल केलं आणि ते धावतच कड्यावरच्या पोळ्याकडे गेलं. परतलं तेव्हा त्याचं नाक टम्म सुजलं होतं, पण पंजात ताजा मध होता. पिल्लाला आराम पडला.

मग सभा भरली.

"काढून टाका याला! वाघोबाला नेमा," माकड ओरडलं.

हत्तीणआजी म्हणाली, "वाघोबाला जांभळं आवडत नाहीत, हे खरं. पण त्याला काय आवडतं, ते हरणाला विचार!"

सगळे खदखदून हसले. हरीण मात्र हसलं नाही.

"आजी, मला एकट्याला चाखायला बसवू नका," अस्वल म्हणालं. "पुन्हा कोणी द्रोण पुढे केला, तर माझा मला भरवसा नाही."

"चूक तुझी आहेच," आजी म्हणाली. "नासलेली मडकी तूच भरून द्यायचीस. पण चाखणारा तू, ठेवणारा तू आणि बघणारं कोणीच नाही, ही रीत तर आम्हीच घातली ना?"

तेव्हापासून मध वडाखाली सगळ्यांसमोर चाखायचं ठरलं. चाखणारे रोज वेगळे, आणि तेही ऐन वेळी ठरायचे. अस्वलाने फक्त मडकी राखायची.

पुढच्या वर्षी कोल्हा पुन्हा द्रोण घेऊन आला आणि गोंधळून इकडेतिकडे बघू लागला. आता जांभळं द्यायची कोणाला?

"आम्हाला!" म्हणत माकडांनी द्रोण फस्त केला.

सशिणीने मध चाखला. "कोल्होबा, यात अख्खी विहीर ओतलीत की काय?"

सगळं जंगल हसलं. कोल्हा मुकाट्याने मध परत घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी चांगला दाट मध घेऊन आला. त्या थंडीत एकही पिल्लू औषधावाचून राहिलं नाही.

तात्पर्य: चांगल्यालाही मोहापुढे एकटं सोडू नये, कामाची रीतच अशी असावी, की लबाडीला आडोसा मिळणार नाही.