झारांचं वर्ष

एका राज्यात एक राजा मरणाला फार भ्यायचा. नाव भद्रकाय, पण काळीज सशाचं. मांत्रिकाने त्याला सांगितलं, शंभर वर्षांच्या कासवीच्या कवचात निजलास तर मरण तुला शोधणार नाही.

त्या किनाऱ्याची रीत अशी, की जाळ्यात कासव आलं तर त्याला कुंकू लावायचं, हात जोडायचे आणि पाण्यात सोडायचं. हरबा नाखव्याला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण राजाच्या धाकाने त्याने जाळ्यात आलेली तशी कासवी राजवाड्यावर नेऊन दिली. तिचं कवच काढलं. उघड्या अंगाने समुद्राकडे सरपटत जाताना ती म्हणाली, "माझं घर घेतलंत. आता तुमची माणसंही बिनघराची, बिनहाडांची होतील."

त्यानंतर बुडालेला एकही माणूस किनाऱ्याला लागला नाही. लागत ते झार, समुद्रातले बिनहाडांचे जीव. पारदर्शक, थुलथुलीत, ताटाएवढे. भरतीबरोबर येत आणि आपापल्या घरासमोरच्या वाळूत पडून राहत. ज्याला शिवत त्याचं अंग पेटे. एके दिवशी हरबाची होडीही रिकामी आली.

त्याची बायको पोवळी मोठी हट्टाची. धनी परत आल्याशिवाय चूल पेटणार नाही, म्हणाली. तेव्हा टिटवीने तिला तीन कामं सांगितली: कवच आण, ते पाठीवर घेऊन झारांतून चाल, आणि कासवी मागेल ते दे.

पोवळी भरदुपारी राजाकडे गेली. पाहते तर काय, मरण आलं नव्हतं खरं, पण राजाला हाडंच उरली नव्हती. कवचात तो दह्यासारखा पडला होता. नुसते डोळे हलत होते.

"ने," राजा म्हणाला. "ने एकदाचं."

तिने त्याला हलकेच गादीवर ओतलं आणि कवच पाठीवर घेतलं.

समुद्रात झार डसले, अंगाची लाही लाही झाली, तरी ती मागे फिरली नाही. एकच झार तिच्या पायांपाशी घुटमळत राहिला आणि डसला नाही. पोवळीने ओळखलं.

कासवी वर आली. कवच तिच्या अंगावर बसलं. ती म्हणाली, "मी गिळलं तरच हे सुटतील. पहिला घास तुझ्या हातचा."

पोवळीला रडू कोसळलं. परत न्यायला आली होती ना ती! मग तिने त्याला ओंजळीत घेतलं, आपल्या कपाळाचं कुंकू बोटाने पुसून त्याला लावलं आणि ओंजळ कासवीच्या तोंडाशी नेली.

"धनी, या आता."

दिवस मावळेपर्यंत कासवीने सगळे झार गिळले आणि पाणी निवळलं. राजाला हाडं परत आली, आणि पाठोपाठ मरणही आलं.

अजूनही एखाद्या वर्षी झारांच्या झुंडी किनाऱ्याला लागतात. कुठेतरी कुणीतरी कासव कुंकू न लावता घरी नेलेलं असतं. तेव्हा तिथल्या बायका त्यांना हाकलत नाहीत. पाण्याकडे पाहून "या आता" म्हणतात आणि कासवांची वाट पाहतात.