गाड्यातून उडी मारलेली चांदणी

एकदा काय झालं, आभाळात रोहिणीबाई आपला गाडा हाकत चालली होती. गाड्यात चांदण्या बसलेल्या, ही दाटी. त्यातली एक धवळी. दुधासारखी पांढरी आणि भारी खोडकर. पाय बाहेर सोडून बसायची. रोहिणीबाई म्हणायची, "धवळे, पडशील. गाडा कुणासाठी थांबत नसतो, बरं का."

खाली समुद्रकाठी होता कोळीवाडा. तिथली हिराबाय खाडीच्या तोंडाशी उंच काठीवर कंदील लावायची. का? तर तिथं होता मोठा खडक. उजेड दिसला की होड्या वळसा घालून घरी यायच्या. त्या रात्री तीन होड्या बाहेर, आणि वारा असा सुटला म्हणता! कंदील लावला, विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा तर काचच फुटली. आणि हिराबायचा नवरा, गोमा नाखवा, अजून समुद्रात. ती आभाळाकडे बघून रडायला लागली, "बायांनो, कुनी तरी या गो."

मग काय, धवळीनं मारली उडी! सूं करत आली ती थेट काठीच्या टोकावर. खडक लख्ख दिसायला लागला. पहिली होडी आली. मग दुसरी आली. तिसरी काही येईना. तिकडे गाडा निघाला पश्चिमेला, समुद्रात उतरायला.

हिराबाय म्हणाली, "तू जा गो बाय. तुझं घर चाललं."

धवळीला रडू आलं. पण ती हलली नाही. "नाखवा आल्यावर जाईन," म्हणाली.

मग आला एकदाचा गोमा नाखवा. पण गाडा पार पाण्याला टेकलेला. नाखव्यानं धवळीला होडीत बसवलं, तिन्ही होड्यांची माणसं वल्ह्यांना बसली आणि निघाली की हो गाड्याच्या मागं! हात दुखले, दम लागला, गाडा अर्धा बुडाला. मग सगळे मिळून ओरडले, "रोहिणीमाय, थांब गो!"

आणि कधी न थांबणारा गाडा थांबला.

आता होडीवर जो राबेल त्याला माशांचा वाटा मिळायचाच, तशी कोळ्यांची रीत. नाखव्यानं धवळीच्या हातात एक पापलेट दिलं. रोहिणीबाईनं तिला दंडाला धरून वर ओढलं, एक धपाटा घातला आणि उराशी घट्ट धरलं. बाकीच्या चांदण्या नाकं मुरडत जवळ सरकल्या, पापलेट बघायला.

पण गाडा थांबला ना, तसं मागचं सगळं आभाळ थांबलं. सूर्यसुद्धा अडकला. त्या दिवशी उजाडलंच उशिरा, आणि कोळीवाड्यातली पोरं आपापल्या बापाच्या कुशीत पोटभर झोपली. मिटा आता डोळे तुम्हीपण.