नाल्याकाठचे बिऱ्हाड

सुताच्या व्यापाराने भरभराटीला आलेले एक नगर एकदा इतक्या वेगाने वाढू लागले, की जुन्या विहिरी त्याला पुरेनाशा झाल्या. तेव्हा नगरशेठांनी एका तरुण स्थपतीला बोलावून डोंगरातल्या तलावाचे पाणी घरोघर आणण्याचे काम सोपवले. वरच्या पेठेत पाणी खेळू लागले. उरलेल्या पेठांचा आराखडा घेऊन तो आपल्या वृद्ध आचार्यांकडे आशीर्वादासाठी गेला.

आचार्यांनी निळ्या रेघांवरून बोट फिरवले आणि कागदाच्या कडेला काढलेल्या एका बारीक बाणापाशी थांबवले.

"इथे काय आहे?"

"उतार आहे, आचार्य. वापरलेले पाणी तिथून नाल्याने आपोआप निघून जाते."

आचार्यांनी आराखडा गुंडाळून त्याच्या हाती परत दिला. दुसऱ्या दिवशी त्यांची कुटी रिकामी होती.

 दिवसभर शिष्य त्यांना शोधत फिरला. अखेर ते सापडले नगराच्या पार तळाशी, नाल्याकाठी राहणाऱ्या रंगाऱ्यांच्या वस्तीत. भिवरा नावाच्या एका विधवेच्या पडवीत त्यांनी बिऱ्हाड मांडले होते. काळे, दाट पाणी उंबऱ्याला टेकायचेच काय ते बाकी होते.

"आचार्य, माझे काही चुकले का? आपण इथे राहू नये."

"शेजार चांगला आहे," एवढेच म्हणून आचार्यांनी नाल्याला लागूनच असलेल्या वस्तीच्या विहिरीचे पाणी ओंजळीने प्राशन केले.

त्या दिवसापासून शिष्याचा जीव थाऱ्यावर राहीना. वरच्या पेठेत कुणी अंघोळीला बसले, कुणी अंगण धुतले, की त्याच्या मनात येई: हे पाणी आता खाली चालले. आचार्यांच्या दाराशी चालले.  आणि एका सकाळी निरोप आलाच: आचार्यांना जुलाब लागले आहेत, डोळे खोल गेले आहेत.

तो धावत पोचला, तेव्हा भिवरा त्यांना चमच्याने पेज भरवत होती.

"मी वैद्य आणतो, पालखी आणतो," शिष्य कासावीस होऊन म्हणाला. "यायचे नसेल, तर निदान या दारापुढे दगडी बांध घालतो!"

"मग ते पानी शेजारनीच्या दारात शिरंल की," भिवरा शांतपणे म्हणाली. "मागल्या महिन्यात माझी सासू ह्याच दुखन्यानं गेली. तवा न्हाई आलं कुनी बांध घालाया."

 आचार्यांनी क्षीण स्वरात शिष्याला जवळ बोलावून बसवले.

"बाळ, तुझे गणित चुकले नव्हते. पाणी उतारानेच जाते. पण 'निघून जाते' म्हणजे काय, तर आपल्या नजरेआड होते. तेव्हा ते कोणाच्या तरी दारी पोचलेले असते. इथली माणसे तुला अनोळखी, म्हणून ती तुला दिसली नाहीत. तेव्हा मी तुझ्या ओळखीचा एक माणूस इथे आणून बसवला. आज तुझ्या मनाला जी काळजी लागली आहे, ती माझ्यापुरती ठेवू नकोस. ती घेऊन नगर बांध."

शिष्य तडक नगरशेठांकडे गेला. उरलेल्या पेठांना तूर्त चौकातल्या नळांवर पिण्याचे पाणी द्यावे, रंगाऱ्यांच्या वस्तीलाही आधी तलावाचेच पाणी मिळावे, घरोघरचे नळ मात्र बंदिस्त गटार बांधून होईपर्यंत थांबावेत, असे त्याने सांगितले.

नगरशेठ संतापले. "उत्सव तोंडावर आला आहे, तोवर घरोघर पाणी देण्याचा शब्द मी दिला आहे! लोक मला काय म्हणतील? दुसरा स्थपती नेमू का?"

"अवश्य नेमा," शिष्य म्हणाला.  "पण नगराचा उतार त्यालाही बदलता येणार नाही. पाण्यापाठोपाठ माणसे येतील, वस्ती दुप्पट होईल, आणि नाला तर आजच काठोकाठ आहे."

नगरशेठ बराच वेळ येरझारा घालत राहिले. मग नाइलाजाने त्यांनी होकारार्थी मान हलवली.

पहिली कुदळ पडली ती वरच्या पेठेत नव्हे, तर भिवराच्या घराच्याही खाली. "काम तळापासून का?" असे कुणी विचारताच शिष्य म्हणाला, "सांडपाण्याची वाट शेवटच्या टोकाकडूनच वर बांधत न्यावी लागते."

आचार्य आता काठी टेकत पडवीत येऊन बसू लागले होते. शिष्याने त्यांना वंदन केले. कुटीत परत चला, असे मात्र तो म्हणाला नाही. भिवराच्या सासूचे नाव काय होते, ते त्याने विचारून घेतले आणि तो गटारासाठी खणलेल्या चरात उतरला.