साळिंदरआजोबांची बिडी

प्राणीही बिड्या ओढायचे त्या काळची गोष्ट. साळिंदरआजोबा सगळ्यांना गुहा दाखवायला न्यायचे. आत वाट चुकली की ते ऐटीत बिडी पेटवायचे. धूर सरकेल तिकडे बाहेरची वाट. त्यामुळे खोकून जीव गेला तरी कुणी हूं की चूं करत नसे.

एकदा अशीच वाट चुकली, तेव्हा छताला लटकलेल्या वाघूळकाकू म्हणाल्या, "आजोबा, बिडी नको. माझी पिल्लं इथेच राहतात, धुराने बेजार होतात."

"मग वाट काय तुझी पिल्लं दाखवणार?" आजोबा फणकारले. पण या वेळी सोबतचे ससेही काकूंच्या बाजूने उभे राहिले. आजोबांनी नाइलाजाने बिडी कानामागे खोचली.

थोड्या वेळाने त्यांचं नाक फुरफुरलं.

"बाहेरच्या गवताचा वास येतोय," ते म्हणाले. "आजवर कधी येत नव्हता. गुहेत काहीतरी बदललंय."

सशांनी त्यांच्या कानामागच्या बिडीकडे पाहिलं. सगळे मुकाट्याने त्यांच्या नाकामागून बाहेर पडले.