पूजेतली पॉवर बँक

मोबाइलला घटकेघटकेला भूक लागायला लागली, त्या काळातली ही गोष्ट. खंडेनवमीला मंदाकिनीकाकूंनी विळी-कात्रीच्या रांगेत नवी पॉवर बँकही मांडली, हळदीकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. झालं! पॉवर बँक बाईसाहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात.

काकूंना दसऱ्याला लेकीकडे जायचं होतं. निघण्याआधी पॉवर बँक चार्जिंगला लावून त्या वाटेसाठी भाकऱ्या थापायला गेल्या. "फूल वाहिलेली मी, भिंतीपुढे हात पसरू?" असं म्हणत हिने वायरमधून हळूच अंग काढून घेतलं.

"अगं, पोट भरून घे. वाटेत कुणी वाढणार नाही," वायर म्हणाली.

"चिकटपट्ट्या लावलेली तू, मला शिकवतेस?"

घाटात गाडी बंद पडली. दिवस कलला. लेक पुढच्या फाट्यावर एकटी वाट बघत होती, तिला कळवायला हवं होतं. "ताई, घासभर दे गं," मोबाइल कळवळला.

पॉवर बँकेने पोट चाचपलं. आत खडखडाट. "आज माझा उपास आहे," ती ताठ्यातच म्हणाली. मोबाइलने डोळे मिटले. काकू फाट्यावर पोचल्या तेव्हा लेक रडून रडून अर्धी झाली होती.

पुढच्या खंडेनवमीला फूल वायरला मिळालं. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून काकूंनी पॉवर बँक तिच्या फटीत खोचली होती. तिथून ती अजूनही सांगत असते, "आम्ही पूजेतल्या, बरं का!"

ऐकायला माशा बसतात.