पाझरणारी मडकी

नदीकाठच्या एका गावात एक कुंभार राहत होता. हात सफाईदार, मान ताठ. त्याच्या घराला लागून एक बुरडीण राहत होती. नवरा वारलेला, टोपल्या विणून पोट भरायची.

एका संक्रांतीला पाटलाने नदीवरची पडीक जमीन तुकडे पाडून गरिबांना दिली. अट एकच घातली. "पाडव्याला मी बघायला येईन. ज्याचा तुकडा हिरवा, त्याचा तो कायमचा. वाळलेला दिसला तर दुसऱ्याला देईन."

कुंभाराला आणि बुरडिणीला शेजारशेजारचे तुकडे मिळाले.

कुंभाराजवळ थोडी शिल्लक होती. ती त्याने कुंपणाच्या खांबांवर, फाटकावर आणि नव्या कुदळीवर घातली. बी घ्यायची वेळ आली तेव्हा हातात चिल्लर उरली. मूठभर काकडीचे बी मिळाले, तेही जुने.

बुरडिणीजवळ शिल्लक नव्हतीच. तिने बांबूच्या कामट्यांच्या तुकड्यांचे कुंपण केले. दुधीचे बी चार घरांतून मागून आणले, बदल्यात सुपे दिली. मग कुंभाराच्या दारात आली.

"दादा, तुमच्या मागच्या ढिगातली पाझरणारी मडकी नेऊ का?"

"ने की," कुंभार हसला. "तेवढाच माझा उकिरडा कमी होईल. पण वहिनी, त्यात पाणी ठरायचं नाही हं."

"ठरलं नाही तरी चालेल," ती म्हणाली आणि मडकी टोपलीत भरून गेली.

ऊन तापू लागले. कुंभार गाढवावर पाणी आणून वेलांवर ओतायचा. दुपारपर्यंत माती पुन्हा पांढरी पडायची. शेजारी मात्र दुधीचे वेल कुंपणावर चढले. पांढरी फुले लागली. कुंभाराला आपले वेल दिसेनासे झाले. सकाळी फाटक उघडले की त्याची नजर आधी पलीकडे जायची. तिची फुले तो मोजायचा, आणि आकडा वाढला की त्याला भाकर गोड लागायची नाही.

एक दिवस त्याने कुंपणावरून वाकून पाहिले. मडकी गळ्यापर्यंत मातीत पुरलेली होती. त्यांत पाणी, वर झाकण, आणि भोवती वेल. माती ओली होती.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "माझ्या मडक्यांवर तिची बाग उभी आहे."

"तुम्ही टाकलेल्या मडक्यांवर," कुंभारीण म्हणाली. "घ्या की विचारून, कशी पुरली ते."

"मी? तिला विचारू?"

दुसऱ्या दिवशी बुरडीण आणखी दोन मडकी मागायला यायची होती. ती येण्याआधी कुंभाराने काठी घेतली आणि मागचा सगळा ढीग फोडून टाकला.

"संपली मडकी," त्याने तिला दारातच सांगितले.

तिने त्याच्या खांद्यावरून मागची ताजी खापरे पाहिली. रिकामी टोपली घेऊन परत गेली.

आता कुंभार आपल्या बागेकडे वळला. पुरायची तर मडकी तिच्यापेक्षा सरस हवीत, हे त्याने ठरवून टाकले. घरातली सगळ्यांत चांगली मडकी त्याने काढली. तेलातुपासाठी केलेली, खणखणीत भाजलेली, आतून लाख दिलेली. ती काठोकाठ भरून पुरली, सुबक झाकणे ठेवली आणि वरून पाणी घालणे बंद केले. पाणी आणणाऱ्या गाढवालाही विसावा मिळाला.

पाडवा तोंडावर आला तरी वेल माना टाकूनच होते. त्याने झाकण उचलले. मडके भरलेल्या दिवशी होते तेवढेच भरलेले. माती पापडासारखी सुटलेली.

"तेलाचा थेंब बाहेर जाऊ नये म्हणून लाख तुम्हीच दिलीत," कुंभारीण म्हणाली. "पाणी कुठून बाहेर येईल?"

"मग पाझरणारी दे आणून."

"कुठून आणू? खापरं आहेत, ती हवीत का?"

नवी मडकी घडवून आवी, म्हणजे भट्टी, लावायला वेळ उरला नव्हता. तो गाढव घेऊन नदीकडे धावला, पण सुकलेला वेल पाण्याने उठत नाही.

पाडव्याला पाटील आला. बुरडिणीच्या वेलांखालून वाकून गेला आणि तुकडा तिच्या नावे केला. मग कुंभाराच्या फाटकातून आत आला. झाकण उचलून बघितले.

"पाणी तर आहे. मग वेल का वाळले रे?"

कुंभार खाली बघत म्हणाला, "मडकं चांगलं आहे, पाटील."

पाटलाने तो तुकडा एका धनगराला दिला. कुंभाराने खांब उपटले, फाटक काढले आणि घरामागे खापरांजवळ नेऊन टाकले.

संध्याकाळी बुरडीण दारात आली. हातात कोवळा दुधी होता.

"घ्या दादा. मडकी तुमचीच होती."

कुंभारणीने भाजी केली. कुंभार खाली मान घालून जेवला. भाजी चांगली झाली होती, हीच त्याची खरी शिक्षा.

तात्पर्य एवढेच: दुसऱ्याचे हिरवे वाळवायला जो काठी उचलतो, तो आपल्याच कामाची वस्तू फोडून बसतो.