दोरआळीची पहिली खबर

तांबुळणी नगरपालिकेची दवंडीची रिक्षा सकाळी आठला निघते. तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला वाटेल की ती आधी बाजारपेठेत जात असेल, नाहीतर एसटी स्टँडवर, जिथे माणसं आहेत तिथे. पण ती आधी इथे येते, या माळावर. इथे बाभळी आहेत, घायपात माजला आहे आणि गवत बाजूला सारून पाहिलंत तर घरांची जोती दिसतील. मोजून सव्वीस आहेत. राहत मात्र कोणी नाही. रिक्षावाला इंजिन बंद करतो, भोंगा बंदच ठेवतो, खाली उतरून चपला काढतो आणि हातातला कागद साध्या आवाजात वाचतो. व्हॉल्व्हच्या दुरुस्तीमुळे उद्या पाणी येणार नाही. रविवारी पोलिओचा डोस आहे. प्रभाग चारची सभा मराठी शाळेत होईल. अमक्याच्या वडिलांचं निधन झालं, अंत्ययात्रा अकरा वाजता निघेल. हे सगळं या रिकाम्या जागेला सांगून झालं की मगच रिक्षा गावात शिरते आणि भोंगा सुरू होतो.

मी बत्तीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात चाव्या फिरवल्या, त्यामुळे नवीन आलेल्या प्रत्येक साहेबाला हे समजावून सांगायचं काम माझ्याकडेच असायचं. एका मुख्याधिकाऱ्यांनी फायलीवर शेरा मारला होता, ‘निर्मनुष्य ठिकाणी घोषणा करण्याचे प्रयोजन काय?’ रिक्षा थांबली. मग रिक्षावाला सकाळी सातला आपल्या पायांनी चालत यायला लागला, ड्युटीच्या आधी. महिनाभरात साहेबांनी शेरा मागे घेतला. आमच्या पालिकेत मागे घेतलेला तेवढा एकच शेरा मला आठवतो.

आता प्रयोजन काय, ते सांगतो. मी पाहिलेलं नाही, माझ्या आजोबांनीही पाहिलेलं नाही. पण असं सांगतात.

समोर जो लांबलचक उंचवटा दिसतो ना, तो हत्तीतळ्याचा बांध. नगरपालिका वगैरे काही नव्हतं तेव्हा गावाला पाणी या तळ्याचं आणि कारभार पाच पंचांचा. बांधाच्या अगदी पायथ्याशी, आपण उभे आहोत तिथे, दोरखंड वळणारी माणसं राहायची. घायपात भिजवायचा, कुटायचा, त्याचे धागे म्हणजे वाख काढायचा आणि नाडे, कासरे, मोटेचे सोल वळायचे. गावाचा दवंडीवाला सटवाजी हा त्यांच्यातलाच. दवंडीचं काम मिळालं म्हणून त्याला चावडीशेजारी घर दिलं होतं. बायको लवकर गेली होती. एकच लेक, गोजरा. ती त्याने दोरआळीतच दिली होती, बांधापासून तिसऱ्या घरात. रोज संध्याकाळी हलगी खुंटीला अडकवून सटवाजी लेकीकडे जेवायला यायचा म्हणे.

दर उन्हाळ्यात सगळं गाव मिळून बांधाची डागडुजी करायचं. त्या वर्षी दोरआळीच्या लोकांनी सांगितलं की नुसती माती टाकून भागणार नाही. खेकड्यांनी बांध पोखरलाय, आमच्या दारात पाणी झिरपतंय, आतला दगड उपसून पुन्हा बसवा. ते बांधाखाली राहणारे, त्यांना दिसत होतं. पण मुख्य पंच बाळोजी पाटील यांना ते झोंबलं. यांनी आता आम्हाला अक्कल शिकवायची का, असं झालं. दोरआळीनेही हट्ट धरला, माती टाकायला आम्ही येणार नाही. मग पंचांनी ठराव केला. ज्यांना गावाचं काम नको, त्यांना गावची खबर नको. दोरआळीत दवंडी बंद. बाजार कधी, उरूस कधी, कोण जन्मलं, कोण गेलं, त्यांना काहीएक कळवायचं नाही.

ऐकायला ही शिक्षा हलकी वाटते. विहीर बंद नाही, वाट बंद नाही, फक्त कोणी काही सांगायचं नाही. पण चार महिन्यांत ती माणसं गावात असून गावाची राहिली नाहीत. सोयऱ्याच्या मयताला ती तिसऱ्या दिवशी पोचायची. बाजार मोडल्यावर दोरखंड घेऊन यायची. पुढेपुढे तर लांबून हलगी ऐकू आली की आळीतली माणसं दारं लोटून घ्यायला लागली. आपल्यासाठी नाही ना, मग ऐकायची कशाला. अपमानाची अशी सवय होते.

पंचांना सटवाजीचा भरवसा नव्हता. लेक तिकडे म्हणजे हा चोरून सांगणार. म्हणून त्यांनी त्याला देवळात नेलं, हातात बेलभंडार दिला आणि शपथ घ्यायला लावली. शब्द त्यांनीच ठरवून दिले होते. ‘मी दोरआळीत गावची खबर तोंडाने नेली, तर माझ्या लेकीच्या घराचा उंबरा राहणार नाही.’ सटवाजीने ते म्हटलं. त्या दिवसापासून त्याने लेकीकडे जेवायला जाणंही सोडलं. जेवता जेवता तोंडून काही निघून गेलं तर काय करायचं, याची त्याला धास्ती. चार महिने त्याने स्वतःच्या हाताने भाकऱ्या थापल्या.

भाद्रपदात पाऊस लागला तो सहा दिवस उघडला नाही. सातव्या दिवशी दुपारी बांधावरचा राखणदार धावत चावडीवर आला. बांधाचा मधला भाग बसायला लागला होता. पाटलांनी सटवाजीला सांगितलं, दवंडी दे, सगळ्यांनी असतील तसे खंडोबाच्या टेकडीवर जा. सटवाजीने विचारलं, आणि दोरआळी? त्याने हात जोडले, म्हणाला मला शपथेतून सोडा. तेव्हा पाटील म्हणाले, “पाच जणांनी दिलेली शपथ, सटवाजी. एकट्यानं मी कशी सोडवू?”

बाकीच्या चौघांपैकी दोघं आपापल्या गाड्या भरायला गेले होते, एक परगावी होता आणि एक आजारी. म्हणजे कोरम नव्हता, असं आपण आज म्हणू. मी पालिकेच्या सभांना पुष्कळ बसलो आहे. त्या एका शब्दावर काय काय अडून राहतं ते मला ठाऊक आहे, म्हणून पाटलांचं हे बोलणं कुणी रचलेलं असेल असं मला वाटत नाही.

सटवाजीने अख्ख्या गावात दवंडी दिली. वाटेत भेटेल त्याला हात धरून सांगितलं, तेवढं आळीत कळवा. एका तेल्याने मान डोलावली आणि तो बैल हाकत टेकडीकडे निघून गेला. कोणाला दोष द्यायचा? ज्याच्या त्याच्या कडेवर मूल होतं. शेवटी सटवाजी स्वतः आळीच्या तोंडाशी आला. इथे, या कडुलिंबाच्या बुंध्यापाशी तो उभा राहिला असं म्हणतात. तोंड उघडावं तर आपल्या शपथेने लेक मरणार. न उघडावं तर तळ्याने मरणार. त्या काळच्या माणसाला बेलभंडार खोटा वाटत नव्हता, हे ध्यानात घ्या. तुम्हाआम्हाला त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे.

त्याने घोंगडीखालून हलगी काढली आणि नुसती वाजवायला लागला. बोलला काहीच नाही. तोंडाने खबर न्यायची नव्हती, हात तर मोकळे होते. पावसाने कातडं ढिलं पडलं होतं, आवाज बद्द येत होता. पण आळीतलं पोरसुद्धा हलगी ओळखणारं, त्यांना कळेल, कुणीतरी बाहेर येऊन विचारेल, असं त्याला वाटत होतं. वाजवायचं टिपरू मोडलं तेव्हा त्याने तळहाताने वाजवली. आत एकेक दार लोटलं जात होतं.

पुढचं जे सांगतात ते चंद्राक्का नावाच्या बाईचं सांगणं. ती गोजराची शेजारीण. तिची शेळी दावं तोडून वरच्या अंगाला पळाली आणि ती तिच्यामागे गेली म्हणून वाचली. ती आणि रानात घायपात तोडायला गेलेले चार गडी, एवढीच माणसं आळीत उरली.

चंद्राक्काने सांगितलं, गोजरा दारात आली होती. तिने बापाला पाहिलं. घोंगडी अंगावरून गळून पडलेली, एकटाच वाजवतोय, तोंडातून शब्द नाही. चंद्राक्का तिला म्हणाली, जाऊन इचार तरी. गोजरा दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

“नको,” ती म्हणाली. “म्या बोलले तर आबांवर आळ येईल. म्हणतील, शपथ मोडली.”

आणि ती आत गेली. दार तिने हळूच लोटलं म्हणे, बापाला आवाज जाऊ नये म्हणून.

बांध दिवेलागणीच्या आधीच फुटला. सटवाजी कडुलिंबाच्या फांदीला अडकून राहिला. पाणी उतरलं तेव्हा सव्वीस घरांपैकी एकाचाही उंबरा जागेवर नव्हता. गोजराचं घर त्याला पावलं मोजून शोधावं लागलं.

आठ दिवसांनी पाचही पंच त्याच्याकडे आले. आता पाचही जमले होते. त्यांनी त्याला शपथेतून मोकळं केलं आणि वर पागोटं देऊ केलं. एवढ्या प्रसंगातही शब्दाला जागलास, असं बाळोजी पाटील म्हणाले. मला या आख्यायिकेतला सगळ्यात जास्त राग येतो तो या पागोट्याचा. सटवाजीने ते हातात घेतलं नाही. त्याने एवढंच विचारलं, आता बोलायला मोकळा आहे ना? ते म्हणाले, आहेस.

तो उठला तो इथे आला. लेकीच्या जोत्यापुढे उभा राहिला आणि त्याने चार महिन्यांच्या साठलेल्या खबरी सांगितल्या. उरूस कधी झाला, कोणाला मुलगा झाला, कोणत्या सोयऱ्याचं काय झालं, बाजाराचा दिवस बदलला तो का. दुपार झाली तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं. लोक लांब उभे होते, जवळ जायचा कोणाला धीर झाला नाही. त्या दिवसानंतर गावची कुठलीही खबर त्याने आधी इथे सांगितली आणि मग चावडीपुढे. पंचांनी अडवलं नाही. काय तोंडाने अडवणार?

सटवाजी म्हातारा होऊन गेला. त्याच्यामागे हलगी घेणाऱ्याने ते चालू ठेवलं, मग त्याच्यामागच्याने. नगरपालिका आली, हलगी गेली, भोंगा आला, रिक्षा आली. तळं तर पुन्हा कधी बांधलंच नाही. पाणी आता नळाने येतं, बारा कोसांवरच्या धरणातून, आणि तळ्याच्या पोटात गाळपेराची शेतं आहेत.

आता घड्याळात बघा, आठ वाजत आले. तो येईल. कागद वाचून झाला की तुम्ही लगेच निघू नका. कागदावर नसलेलं एक वाक्य सटवाजी रोज शेवटी म्हणायचा, आणि आजही ते म्हटल्याशिवाय रिक्षा हलत नाही. रिक्षावाला त्या तिसऱ्या जोत्याकडे तोंड करतो आणि म्हणतो, “तळं फुटतंय, बाहेर या.” मग सव्वीस घरांतली माणसं पोरंबाळं घेऊन बाहेर पडून टेकडीच्या वाटेला लागायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तो तिथेच उभा राहतो.